सिक्स्थ फॉर्मची दोन वर्षं कशी वापरायची

इंग्लंडमध्ये जीसीएसई (सोळाव्या वर्षीची शालेय परीक्षा) आटोपून सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना येताय ना, मग आधी फ्री पिरियड ताब्यात घ्या. शेवटी होणाऱ्या ए-लेव्हल परीक्षेसाठी बहुतेकांचे विषय तीनच असतात, त्यामुळे वेळापत्रकात मोकळे तास भरपूर दिसतात आणि कॉमन रूममधल्या गप्पांत ते कुठे जातात कळतही नाही. मी केमिस्ट्रीचा तास संपला की तडक लायब्ररी गाठते, वही मिटून ठेवते आणि नुकतंच शिकलेलं रिअ‍ॅक्शनचं मेकॅनिझम कोऱ्या कागदावर आठवून काढते. इलेक्ट्रॉनचा बाण नेमका कुठून निघतो, तिथेच हात अडखळतो. तेवढंच मग सरांना विचारायचं. काम छोटं आहे, पण परीक्षेआधीचं ओझं खूप हलकं होतं.

तुमच्या शाळेत ईपीक्यू, म्हणजे स्वतः संशोधन करून करायचा प्रकल्प, असेल तर जरूर घ्या. अर्ध्या ए-लेव्हलइतकं वजन, साधारण 5000 शब्दांचा अहवाल आणि विषय तुमच्या आवडीचा. स्वतःचा प्रश्न स्वतः शोधायची अशी मुभा एरवी मिळत नाही, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. कामाची नोंदवही मात्र वेळच्या वेळी लिहा, कारण गुण प्रक्रियेलाही असतात.

मेडिसिन, डेंटिस्ट्री, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज डोक्यात असेल तर यूकासचा (विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत जायला हवा. बाकी बहुतेक कोर्सना जानेवारीपर्यंत मुदत असते. अर्जासोबतचा रेफरन्स, म्हणजे शिफारसपत्र, शिक्षक लिहितात, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. विद्यापीठात जायचं नसेल तर अप्रेंटिसशिपची (पगारी काम करता करता शिकायची सोय) चौकशी इयर 12 मध्येच, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्याच वर्षी सुरू करा.