कामावर अपघात झाल्यास नुकसानभरपाईचा दावा कसा करावा

पॉवर प्रेसवर काम करताना कामगाराचा अंगठा तुटला की आधी धावपळ होते ती दवाखान्याची, आणि दाव्याचे निम्मे भवितव्य तिथल्या केसपेपरवरच ठरून जाते. जखमीला घेऊन आलेला सुपरवायझर ‘घरी पडला’ असे सांगतो, डॉक्टर तेच लिहून घेतात, आणि दोन वर्षांनी मालकाचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. म्हणून अपघात कोणत्या कारखान्यात, कोणत्या यंत्रावर आणि किती वाजता झाला हे जखमीने किंवा त्याच्या नातेवाइकाने स्वतः सांगावे, तसेच लिहिले गेले आहे याची खात्री करावी आणि केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

त्यानंतर पगाराची पावती पाहावी. तीत ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात दिसत असेल, तर दावा मालकावर नव्हे, कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे करावयाचा असतो. विमाधारक कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही. अशा वेळी मालकाने अपघाताचा अहवाल महामंडळाच्या शाखा कार्यालयात पाठवला का, याचा पाठपुरावा करावा. तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमचे अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवते.

ईएसआय नसेल तर जबाबदारी थेट मालकाची असते. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाच्या कामावर आणि त्याच्या जागेत अपघात झाल्यास मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. ‘तू आमच्या मस्टरवरच नाहीस’ हे उत्तर हमखास ऐकू येते. त्यासाठी गेटपास, हजेरी कार्ड, बँकेत जमा झालेला पगार आणि बरोबरच्या कामगारांची नावे आधीच जमवून ठेवावीत, कारण महिनाभरानंतर तेच साथीदार बोलायला कचरतात. 1923 चा नुकसानभरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला, तरी हा मूळ ढाचा कायम आहे.

मालकाला अपघाताची लेखी सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी. कचेरीने पत्र घेण्यास नकार दिल्यास वाद घालत बसू नये; ते स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची आहे, आणि ‘साहेब बघतो म्हणालेत’ एवढ्या भरवशावर ती कधी उलटून जाते ते कळतही नाही.

रकमेचा हिशेब कामगाराला स्वतःला मांडता येतो. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या 60 टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. जानेवारी 2020 च्या अधिसूचनेनुसार यासाठी वेतन जास्तीत जास्त 15,000 रुपये धरले जाते. तेवढे वेतन असलेल्या तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा पूर्ण गेला, तर 9,000 गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820 रुपये होतात, आणि कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्यासाठी कमाईक्षमतेची हानी 30 टक्के धरलेली असल्याने भरपाई 5,61,546 रुपये येते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मागता येतो, त्यामुळे औषधांची एकही पावती फेकू नये.

मालकाने एका महिन्यात रक्कम दिली नाही, तर अपघाताच्या ठिकाणच्या किंवा स्वतः राहतो त्या भागाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे (असे दावे ऐकून निकाल देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करावा; चाकणला जखमी झालेला बीडचा कामगार गावाकडे परतला असेल, तर त्याला तारखांसाठी पुण्यास खेटे घालण्याची गरज नाही. थकलेल्या रकमेवर 12 टक्के व्याज मागावे, आणि विलंबाला सबळ कारण नसल्यास 50 टक्क्यांपर्यंत दंडाची मागणीही अर्जातच नोंदवावी.

या सगळ्यात अधूनमधून स्टॅम्प पेपर पुढे येतो: वीस-पंचवीस हजार रुपये घ्या आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून द्या. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक आहे, पण सही केल्याने प्रकरण विनाकारण लांबते, म्हणून ती करू नये. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाईची रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. वारसांच्या हाती परस्पर पैसे टेकवले, तरी मालकाची जबाबदारी त्याने फिटत नाही.