यिअरबुक राष्ट्रीय स्पर्धेला पाठवताय? आधी कॅप्शन वाचा

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये यिअरबुकच्या, म्हणजे शाळेच्या वर्षभराच्या आठवणींच्या छापील पुस्तकाच्या, टीममध्ये नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. स्प्रेड (समोरासमोरची दोन पानं), लॅडर (कोणत्या पानावर काय याचा आराखडा), डेडलाइन हे सगळं पहिल्या महिन्यात अंगवळणी पडतं, त्यामुळे त्यात शिरत नाही.

यिअरबुकना राष्ट्रीय पुरस्कार देणाऱ्या दोन संस्थांची नावं सतत कानावर येतील. नॅशनल स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन १९२१ची, तिचा पेसमेकर पुरस्कार १९२७ पासूनचा. दुसरी १९२५ साली कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेली कोलंबिया स्कोलॅस्टिक प्रेस असोसिएशन, तिचे पुरस्कार गोल्ड आणि सिल्व्हर क्राउन. दोन्हीकडे आधी सभासद व्हावं लागतं. शिवाय दोन्हीकडे ‘क्रिटिक’ म्हणून वेगळी सोय आहे. तिथे पुस्तक दुसऱ्या शाळेच्या पुस्तकाशी नाही, ठरलेल्या निकषांशी ताडून बघतात आणि लेखी शेरे देतात. टीमकडे एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तर पहिल्या वर्षी क्रिटिकच घ्या. स्पर्धेचा निकाल जिंकलात की नाही एवढंच सांगतो, का ते शेऱ्यांतून कळतं.

आमच्या पुस्तकावर सगळ्यात जास्त शेरे कॅप्शनवर, म्हणजे फोटोखालच्या मजकुरावर आले. ते आठवले की अजून पोटात गोळा येतो, म्हणून यावर जरा जास्त बोलते. परीक्षक तुमच्या शाळेत कधी आलेला नसतो. फोटोतली मुलगी का रडते आहे, ती कोण, त्याआधी काय झालं, हे त्याला फक्त कॅप्शनमधून कळणार. ‘बँडची मुलं सरावात मग्न’ हे कॅप्शन नाही, ते फोटोतच दिसतंय. पहिलं वाक्य वर्तमानकाळात: कोण, काय करतंय, पूर्ण नाव आणि इयत्तेसकट. दुसरं भूतकाळात: फोटोत न दिसणारी माहिती. मग त्या व्यक्तीचं स्वतःचं वाक्य. ‘खूप मजा आली’ हे वाक्य धरू नका, पुन्हा विचारा.

हे सगळं शेवटच्या आठवड्यात होत नाही. फोटो काढणाऱ्यानेच तिथल्या तिथे नावं घ्यायची आणि समोरच्यालाच फोनवर टाइप करू द्यायची. नंतर शाळेच्या यादीशी ताडायची, पण यादीवरही आंधळा विश्वास नको. आपल्याकडच्या पासपोर्टमुळे कित्येकांच्या नावात वडिलांचं नाव घुसलेलं असतं. त्या मुलाला स्वतःचं नाव कसं छापलेलं हवंय ते त्यालाच विचारा. आयुष्यभर घरात राहणाऱ्या पुस्तकात कुणाचं नाव चुकू नये, बक्षीस मिळो न मिळो.

इंडेक्स, म्हणजे कुणाचं नाव कोणत्या पानांवर आहे याची शेवटची यादी, लवकर करायला घ्या. कोण बारा पानांवर आहे आणि कोण फक्त पासपोर्ट साइज फोटोत, ते तिथे उघडं पडतं. नव्याने देशात आलेली मुलं बहुतेक दुसऱ्या गटात सापडतात.

छपाई कंपनीचे तयार टेम्प्लेट वापरून पुस्तक वेळेत होईल, पण तुमचं होणार नाही. जुनी विजेती पुस्तकं जरूर चाळा, त्यांची थीम मात्र उचलू नका. परीक्षक अशी पुस्तकं ढिगाने बघतात. आणि अ‍ॅडव्हायझर (टीमला मार्गदर्शन करणारे शिक्षक) स्वतः कॅप्शन लिहून देत असतील तर नम्रपणे नाही म्हणा. चांगला अ‍ॅडव्हायझर प्रश्न विचारतो, कीबोर्ड हातात घेत नाही. प्राचार्यांनी एखादं पान काढायला सांगितलं तर आपल्या राज्याचा कायदा बघा: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८च्या हेझलवूड निकालाने शाळांना विद्यार्थ्यांच्या प्रकाशनातला मजकूर काढायचा बराच अधिकार दिला, पण न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण देणारे कायदे केलेत.

इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका. नीट ऐकणारा माणूस टीमला जास्त लागतो, आणि दोन भाषा येणाऱ्याला जी मुलाखत मिळते ती इतरांना मिळत नाही.

पण आईबाबांना एक आधीच सांगून ठेवा. पुस्तक वर्षाच्या शेवटी छापून येतं आणि निकाल साधारण पुढच्या शैक्षणिक वर्षात. बारावीत असताना केलेल्या पुस्तकाला पुरस्कार मिळालाच, तरी तोवर कॉलेजचे अर्ज कधीच गेलेले असतात. अर्जात लिहायचंच असेल तर नववी-दहावीपासून टीममध्ये या, आणि क्रिटिकचे कागद पुढच्या संपादकाच्या हातात देऊनच शाळा सोडा.