फ्रँचायझीसाठी मुंबईत गाळा घेताय? आधी दोन्ही करारांच्या तारखा जुळवा

गाळा आवडला आणि ब्रोकर टोकनसाठी मागे लागलाय, तरी थांबा. ब्रँडचा करार किती वर्षांचा आणि जागेचा किती, हे आधी बघा. मुंबईत दुकानं बहुतेक लीव्ह अँड लायसन्सवरच, म्हणजे ठराविक मुदतीच्या वापर-परवान्याच्या करारावर मिळतात, बरेच मालक ३ वर्षांच्या पुढे जायला कुरकुर करतात आणि ब्रँड ५ वर्षांची सही घेतो, मग चौथ्या वर्षी मालकाने जागा मागितली की फर्निचर, एक्झॉस्ट, बोर्ड सगळा खर्च पाण्यात. म्हणून सरळ ६० महिने मागा. लॉक-इन (ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही) मालकावर पूर्ण मुदतीचं आणि तुमच्यावर फार तर वर्षभराचं ठेवा आणि ब्रँडने फ्रँचायझी काढून घेतली तर नोटीस देऊन बाहेर पडता येईल ही ओळ टाकाच, नाहीतर शटर बंद आणि भाडं चालू.

काही ब्रँड जागा स्वतः घेतात आणि तुम्हाला सब-लीजवर, म्हणजे पोटभाड्याने देतात. इथे वरचा, म्हणजे मालक आणि ब्रँडमधला करार मागून वाचा. देत नसतील तर मी म्हणेन पैसे भरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २६ प्रमाणे करारात परवानगी नसेल तर भाडेकरूला जागा पुढे देता येत नाही. १ कोटी किंवा जास्त पेड-अप (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेल्या) भांडवलाच्या कंपनीने भाड्याने घेतलेल्या जागेला तो कायदाच लागू नाही, तिथे करारात जे लिहिलंय तेच चालतं. त्यामुळे मालकाची लेखी संमती हवीच, शिवाय ब्रँडने भाडं थकवलं तर तुम्हाला थेट मालकाकडे भरून जागा टिकवता येईल असंही लिहून घ्या. वरचा करार संपला की तुमचाही संपतो हो, मग तुम्ही कितीही वेळेवर भाडं भरलेलं असो.

गिरगाव, लालबागकडे पगडीचं, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन जुन्या, कमी भाड्यावर घेतलेलं दुकान कोणी परस्पर देत असेल तर जास्तच सांभाळा, मूळ मालकाला न विचारता दिलेलं असेल तर तो पगडीवाल्याला काढायला कोर्टात जाऊ शकतो आणि त्यात तुमचंही दुकान जातं.

करार रजिस्टर करायचाच, नुसत्या नोटरीवर भागवू नका. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. समजा भाडं १ लाख, मुदत ६० महिने, परत मिळणारं डिपॉझिट ६ लाख, तर भाड्याचे ६० लाख आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ३ लाख, म्हणजे ६३ लाखांवर १५,७५० रुपये. रजिस्ट्रेशन १,००० रुपये. भाड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि मालकाकडे जीएसटी नंबर नाही पण तुमच्याकडे रेग्युलर (कंपोझिशन योजनेतला नसलेला) नंबर आहे तर ऑक्टोबर २०२४ पासून तो तुम्हीच भरायचा.

बिल्डिंग जुनी असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला पुनर्विकासाचं काही चाललंय का ते स्वतः विचारा. खाण्याचं आउटलेट असेल तर एक्झॉस्टच्या पाइपला सोसायटीची एनओसी डिपॉझिट देण्याआधी हातात घ्या, नंतर नाही.