गृहकर्ज आणि घरखर्च: वहीत १६१, बँकेत २२७

२०२३च्या पाडव्याला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "किती हप्ते राहिले गं?" पतसंस्थेचं कर्ज फेडत त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न त्या कुणालाही विचारतात. मी वही उघडून सांगितलं, "एकशे एकसष्ट." ऑगस्ट २०२१मध्ये घेतलेलं ३० लाखांचं कर्ज, सात टक्के दर, पंधरा वर्षं, हप्ता २६,९६५. एकूण १८० हप्ते. दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता गेला की मी वहीत एक आकडा खाली उतरायचे. त्या वहीचा मला फार अभिमान होता. चार दिवसांनी टॅक्ससाठी व्याजाचा दाखला काढायला बँकेचं ॲप उघडलं, तर तिथे उरलेले हप्ते २२७.

आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाचं खातं उघडलंय.

म्हणून ही यादी. गृहकर्ज चालू असताना घर चालवायचं असेल तर काय काय तयार ठेवायचं, ते. बऱ्याच गोष्टी तुम्हाला माहीत असतील, त्या मी एका शब्दात उरकणार आहे. एकच गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगणार आहे, वैतागलात तरी चालेल.

पहिलं काम, बजेटच्याही आधीचं: बँकेकडून आजचा उरलेल्या हप्त्यांचा आकडा काढा. स्वतःच्या वहीतला नाही, एक्सेलमधला नाही, बँकेचा. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची असतात. ऑक्टोबर २०१९नंतर बँकांनी दिलेली अशी कर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधलेली असतात आणि बहुतेकदा तो दर म्हणजे रेपो, रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला. बातम्या मीही पाहत होते. पण खात्यातून तेवढेच २६,९६५ जात होते, म्हणून मी निवांत. माझा दर सातवरून साडेनऊ झाला होता, आणि हप्ता न वाढवता बँकेने मुदत वाढवली होती. साडेपाच वर्षं! नवऱ्याच्या चोपन्नाव्या वर्षी सुटणारं कर्ज साठीला जाऊन टेकलं.

मेसेज आला नव्हता का? आला होता. दर बदलल्याचा. मुदतीबद्दल त्यात काय होतं ते मी वाचलंच नाही, कारण हप्त्याचा आकडा तोच होता. शाखेत गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सिस्टीम आपोआप मुदत वाढवते. तुम्ही सांगितलं असतं तर हप्ता वाढवला असता." किती वाढला असता? सव्वाचार हजार. महिन्याला सव्वाचार हजार जास्त भरले असते तर मुदत जागची हलली नसती. ते न भरल्यामुळे २६,९६५चे सहासष्ट हप्ते जास्तीचे, म्हणजे पावणेअठरा लाख. हा गुणाकार मी शाखेतल्या बाकावर बसून मोबाइलवर तीनदा केला.

तेव्हा, उरलेले हप्ते किती? आत्ता बघा. नंतर नको.

ऑगस्ट २०२३मध्ये, म्हणजे माझं व्हायचं ते होऊन गेल्यावर, रिझर्व्ह बँकेने नियम काढला. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडता आलं पाहिजे. शिवाय दर तिमाहीला एक विवरण मिळालं पाहिजे: आजवर मुद्दल किती फिटलं, व्याज किती गेलं, हप्ता किती, उरलेले हप्ते किती आणि वार्षिक दर किती. हे विवरण येतं, पण ईमेलच्या कुठल्या तरी कप्प्यात जाऊन पडतं. शोधा. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांच्या पानांवर आत्ताच लिहून ठेवा: "बँकेचा आकडा". माझ्या फ्रिजवर तसा कागद लावलेला आहे. मुलगा त्याला 'आईचं पंचांग' म्हणतो.

आता घरखर्च. पगार, किराणा, दूध, लाइटबिल, पेट्रोल, मोबाइल हे मांडायला कुणी शिकवायला नको. हप्त्याचं खातं वेगळं ठेवा आणि त्यात दीड हप्ता कायम पडून राहू द्या. पगार एखाद्या महिन्यात दोन दिवस उशिरा झाला आणि हप्ता परत गेला, तर दंड पडतो आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीला, डाग लागतो. एवढंच.

खरी गंमत वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची. "आमचं महिन्याचं बजेट बसतंय" असं म्हणणाऱ्या माणसाला जूनमध्ये भेटा. आमचे आकडे सांगते. शाळेची फी ४८,०००. मेडिक्लेम २४,०००. टर्म विमा १८,०००. दोन गाड्यांचा विमा ९,०००. मिळकतकर १२,०००. वर्षाचे गहू-तांदूळ-डाळी १५,०००. गणपती आणि दिवाळी मिळून २४,०००. बेरीज दीड लाख. बाराने भागा, महिन्याला साडेबारा हजार. हा आमचा अदृश्य दुसरा हप्ता होता आणि तो कुठल्याच वहीत नव्हता. तो जूनमध्ये क्रेडिट कार्डावर जायचा, दिवाळीच्या बोनसमधून फिटायचा, आणि बोनस कर्जात भरू हे स्वप्न दरवर्षी कार्तिकात विरून जायचं. आता पगार झाला की साडेबारा हजार दुसऱ्या खात्यात जातात. त्या खात्याचं कार्ड कपाटात, साड्यांच्या खाली. (आहेर आणि बारशी यात धरलेली नाहीत. लग्नसराईत त्यांची वेगळी सोय करावी लागते. आमच्या नात्यात मे महिना म्हणजे दरोडाच.)

मिळकतकराचं जाता जाता. पुण्यात स्वतःच्या घरात राहत असाल तर करात ४० टक्के सवलत असते, ती तुमच्या बिलावर लागलेली आहे का बघा. नसेल तर पीटी-३ अर्ज भरा. आमच्या मजल्यावर दोन घरांना ती लागलेलीच नव्हती आणि कुणी बिल उघडून पाहिलं नव्हतं. मी त्यांना हसले नाही. कुठल्या तोंडाने हसणार?

सोसायटीचा मेंटेनन्स धरा, पण आहे तेवढाच धरू नका. लिफ्ट जुनी होते, गच्ची गळते, रंगाचा ठराव येतो आणि सर्वसाधारण सभेत हात वर करून सगळे वीस-पंचवीस हजार अंगावर घेतात. सभेला जा, निदान आधी कळेल.

आणीबाणीचा पैसा: सहा महिन्यांचा हप्ता आणि सहा महिन्यांचा घरखर्च. दोन्ही. लोक फक्त घरखर्च धरतात. नोकरी गेली तर हप्ता थांबत नाही. हा पैसा एफडीत ठेवा, आणि "बँकेला व्याज जास्त देतोय, एफडीवर कमी मिळतं, मग भरून टाकू कर्जात" असा हिशेब घरातल्या हुशार माणसाने मांडला तर त्याला चहा द्या आणि विषय बदला. हिशेब बरोबर असतो, पण हॉस्पिटलच्या काउंटरवर कर्जात भरलेले पैसे परत मिळत नाहीत.

विमा. कर्ज देताना बँक त्यालाच जोडून एक विमा गळ्यात मारते, प्रीमियम एकरकमी आणि तो कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावरही पंधरा वर्षं व्याज. वेगळा टर्म विमा घ्या, बाकी कर्जापेक्षा मोठा. कमावणाऱ्या दोघांचाही. बस.

फर्निचर, मॉड्युलर किचन, एसी यांचे वेगळे हप्ते सुरू करू नका. आम्ही केले होते. विषय संपला.

आता परत माझ्या मुद्द्यावर. जादा रक्कम कर्जात भरणं. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे पाच-दहा हजारसुद्धा भरता येतात. सुरुवातीच्या वर्षांत भरा. माझ्या पहिल्या हप्त्यातले १७,५०० व्याजात गेले होते आणि मुद्दलात ९,४६५. पण भरताना अर्जावर लिहा: "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." मोठ्या अक्षरात. समजा न लिहिता पन्नास हजार भरलेत आणि बँकेने हप्ताच थोडा कमी केला, तर महिन्याला साडेपाचशे रुपये हातात येतील आणि भाजीत जातील. मुदत कमी करून घेतलीत तर माझ्या कर्जाच्या आकड्यांवर पन्नास हजारांत शेवटचे पाच-साडेपाच हप्ते गळतात. एक हप्ता आता एकतीस हजारांचा (वाढवून घेतलेला, ते पुढे सांगते). म्हणजे पन्नास हजार भरून दीड लाखाहून जास्त वाचतात. आणि भरल्यावर आठवड्याने ॲप उघडून बघा. काय बघायचं? उरलेले हप्ते किती. पावती नाही बघायची, पावती तर मिळतेच.

दर खाली येतो तेव्हाही हेच. २०२५मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. फेब्रुवारीत पाव टक्का, एप्रिलमध्ये पाव, जूनमध्ये अर्धा, डिसेंबरमध्ये पाव. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांना आपला दर किती कमी झाला हे माहीत नव्हतं. एकीचं कर्ज २०१७चं, जुन्या एमसीएलआर पद्धतीचं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या खर्चावरून ठरणाऱ्या दराचं, तिच्यापर्यंत कपात पुरती पोचलीच नव्हती. थोडी फी भरून कर्ज रेपोच्या दरावर बदलून घेता येतं, अर्ज करावा लागतो. आणि दर उतरला म्हणून "हप्ता कमी करून देऊ का" असं बँकेने विचारलं तर नको म्हणा. वाढीव हप्त्याची सवय मोठ्या कष्टाने लागलेली असते. आम्ही एप्रिल २०२३मध्ये अर्ज देऊन हप्ता ३१,२०० करून घेतला होता. ते सव्वाचार हजार कुठून काढले विचाराल तर फर्निचरचा हप्ता त्याच महिन्यात संपला होता, रविवारचं बाहेरचं जेवण महिन्यातून एकदावर आलं, आणि मी ज्या भिशीत निव्वळ गप्पांसाठी जात होते ती सोडली. गप्पा अजून आहेत. दर उतरल्यावरही आम्ही हप्ता तोच ठेवला.

वर्षाला पगार वाढला की हप्ता पाच टक्क्यांनी वाढवा. नाही जमलं त्या वर्षी नाही. नंतर मुदत बघा. हो, पुन्हा.

टॅक्स: राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्यात मिळत नाही. दोन्हीचा हिशेब करून बघा. फक्त वजावट मिळते म्हणून कर्ज लांबवू नका. शंभर रुपये व्याज भरून तीस वाचवण्यात शहाणपण नाही. घर दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांचं असेल तर वजावट दोघांना मिळते.

नवऱ्याला किंवा बायकोला सगळे पासवर्ड, कर्ज खात्याचा क्रमांक, विम्याचे कागद कुठे आहेत ते माहीत हवं. आमच्याकडे नव्हतं. आता एक निळी फाइल आहे.

शेवट. मीही दमले, थोडक्यात सांगते. कर्ज संपल्यावर ना हरकत दाखला, मूळ खरेदीखत, बोजा उतरवल्याची नोंद, सरसाई या तारण कर्जांच्या नोंदवहीतली नोंद रद्द, सिबिलमध्ये खातं 'बंद' दिसतंय का, हे सगळं बघा. कर्ज मंजुरीच्या वेळी बँकेने कुठले कागद घेतले त्याची यादी आत्ताच मागून ठेवा, पंधरा वर्षांनी ती शाखा तिथे असेलच असं नाही. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असा नियम आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई. न मिळाली तर मागा.

या वर्षी पाडव्याला सासूबाईंनी विचारलं तेव्हा वही काढली नाही. "थांबा," म्हटलं, आणि फोन घेतला.