सिगरेटवाल्यांनो, डोळे चुरचुरतायत? मग हे करून बघा

माझी सिगरेट 18 वर्षं चालली, दिवसाला आठ-दहा, आणि शेवटची दोन-तीन वर्षं रोज चारच्या चहानंतर डोळ्यात कोणीतरी रवा टाकल्यासारखं व्हायचं, मी म्हणायचो कॉम्प्युटरमुळे असेल. त्यात बाईकवर बसलो की घळाघळा पाणी, म्हणजे कोरडेपणाचा तर प्रश्नच नाही असं वाटायचं. इथेच आपण फसतो. डोळा वरून कोरडा पडला की चुरचुरतो, त्यावर शरीर घाईघाईने पाणी सोडतं, पण ते गालावरून वाहून जातं, डोळ्यावर टिकत नाही.

का टिकत नाही? बुबुळावर अश्रूंचा पातळ थर असतो, खाली चिकट म्युकस, मध्ये पाणी, वर तेल. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींमधून येतं. रश्शावरची तर्री कशी खालची वाफ धरून ठेवते, तसंच काम ते करतं. धूर नेमकं हे तेल खराब करतो, तर्री फाटते आणि पाणी उडून जातं. म्युकस बनवणाऱ्या पेशींवरही परिणाम होतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरीच वर्षं ओढणाऱ्यांच्या बुबुळाची संवेदना मंदावलेली सापडते, त्यामुळे चुरचुर कमी झाली म्हणून डोळा सुधारला असं धरून चालू नका.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एकदा पापणी मिटा, उघडा आणि भिंतीकडे बघत न मिटता सेकंद मोजा, 10 च्या आतच झोंबायला लागलं तर डॉक्टर गाठा. ते डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, थर किती सेकंदात फाटतो ते. 10 च्या खाली म्हणजे गडबड, माझा 4 सेकंदांत फाटला. मग खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून 5 मिनिटं बसवतात (जाम विचित्र वाटतं), ती 5 मिलिमीटरच्या आत भिजली तर पाणीच कमी. माझी 14 भिजली, म्हणजे पाणी ठीक, तेलाची बोंब.

तेलाची बोंब असेल तर शेक. स्वच्छ नॅपकिन गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, चटका बसला तर थांबा, मग मिटलेल्या डोळ्यांवर 5 ते 10 मिनिटं. नॅपकिन दोन मिनिटांत गार होतो, परत बुडवायचा, आळस इथेच येतो. नंतर बोटाने हलकेच, वरची पापणी खाली आणि खालची वर, कडेकडे दाबत न्यायची, डोळा दाबायचा नाही. मी सकाळी चहा उकळेपर्यंत एकदा आणि रात्री एकदा करायचो.

ड्रॉप्स घ्यायचे ते कृत्रिम अश्रूंचे, आणि दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण ते प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला लागतं. मेडिकलवाल्याला "डोळे लाल झालेत, काहीतरी द्या" म्हणू नका प्लीज, तो स्टेरॉइड देऊ शकतो आणि ते मनाने घालत राहिलात तर काचबिंदू ओढवून घ्याल. गुलाबपाणी, मध, असलं काही डोळ्यात नको.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी जास्त जपा, लेन्स आणि सिगरेट एकत्र आले की बुबुळाला इन्फेक्शन व्हायचा धोका वाढतो. दुखायला लागलं, उजेड सहन होईना, अंधुक दिसलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, शेक वगैरे करत बसू नका.

आता मुद्द्याचं, सिगरेट चालू ठेवून हे सगळं करणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी भरणं. लगेच सुटत नसेल तर निदान बंद खोलीत, गाडीत काच वर करून ओढू नका, आणि ओठात सिगरेट धरून मोबाईलवर टाइप करायची सवय तर आजच सोडा, सगळा धूर सरळ डोळ्यात जातो, आणि मोबाईलकडे बघताना आपण पापण्या आधीच कमी मिटतो. सोडायची असेल तर सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, 1800112356. पाकिटावरच छापलेला असतो हा नंबर, पण त्या चित्राकडे बघायचं नसतं म्हणून मी पाकीट कायम उलटं ठेवायचो.