कोकणच्या किनाऱ्यावर मुलांचं शिबिर भरवताय? सुरक्षेची तयारी अशी करा

फोटो पाहून जागा ठरवू नका. तारखा पक्क्या करायच्या आधी स्वतः जाऊन या आणि एक रात्र तिथेच राहा. संडासाच्या वाटेवर दिवा आहे का, विहिरीचा कठडा धड आहे का, मोबाइलला रेंज नेमकी कुठे मिळते, हे रात्री राहिल्याशिवाय कळत नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सरळ विचारा: सर्पदंशावरचं इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का? रात्री डॉक्टर असतात का? उत्तर ‘नाही’ आलं तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापर्यंत गाडी नेऊन वेळ मोजा. आपल्याकडच्या वळणाच्या रस्त्यावर २० किलोमीटर म्हणजे २० मिनिटं कधीच नसतात. १०८ ला फोन करायचाच, पण शिबिर संपेपर्यंत एक गाडी आणि तिचा चालक तिथून हलता कामा नये.

तंबू नारळाखाली ठोकू नका. सावलीचा मोह होतो, पण वाळकी झावळी वाऱ्याशिवायही खाली येते, नारळही.

पालकांकडून फॉर्म भरून घेताना फक्त सही घेऊन थांबू नका. दमा, फिट्स, चालू औषधं, आणि अ‍ॅलर्जी विचारा. किनाऱ्यावरच्या जेवणात कोळंबी, तिसऱ्या (शिंपल्या) असणारच. ‘पोहता येतं’ या रकान्यावर मात्र अजिबात विसंबू नका. तलावात पोहणारं मूल समुद्रात पोहणारं नसतं.

समुद्राची वेळ पंचांगावरून काढा

शिबिराचं वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखा. किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशोब सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा अंदाज झाला. त्या बंदराचं भरतीचं कोष्टक मिळवून पडताळून घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्या दिवसांत मुलांना पाण्यात नेऊच नका, वाळूवरचे खेळ घ्या. एरवी पाणी चढत असताना जा, ओहोटी लागायच्या आत बाहेर या.

पाण्यात जिथे उतरायचं ती जागा गावातल्या कोळी बांधवांना विचारून ठरवा. लाटा फुटून पांढरा फेस येतो, त्यात मध्येच एखादा पट्टा शांत आणि गडद दिसतो. नवख्याला तीच जागा सोपी वाटते, आणि तिथूनच पाणी जोराने आत परतत असतं. कुणी त्या ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं, ओढ संपली की मग बाहेर. जमत नसेल तर तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. हे मुलांना वाळूवर रेघ ओढून दाखवा, तोंडी सांगून डोक्यात राहत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडमधल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजची मुलं होती. तेव्हा मोठी मुलं आहेत म्हणून नियम सैल करू नका.

पाण्यात मांडीच्या वर कुणीही जाणार नाही. पाच मुलांमागे एक मोठा माणूस पाण्यात, मुलांच्या पुढे, समुद्राच्या बाजूला उभा. शिवाय एक जण काठावर, त्याच्या हातात शिट्टी आणि मुलांची यादी. त्याने मोबाइल खिशातून काढायचा नाही. मुलांच्या जोड्या लावा. दर दहा मिनिटांनी शिट्टी झाली की प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एकटा हात दिसला की सगळे बाहेर. ‘आज पाणी नाही’ म्हणण्याचा अधिकार या काठावरच्या माणसाचा, आणि त्यावर आयोजकानेही वाद घालायचा नाही.

जमिनीवरचे धोके

मे महिन्यात काजू लागलेले असतात. बोंडू खायला हरकत नाही, पण बी दाताने फोडू देऊ नका: टरफलातल्या तेलाने ओठ आणि जीभ भाजते.

दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून ऊन कमी वाटलं तरी अंग तापतं. अकरा ते चार मैदानी खेळ बंद. विहिरीचं पाणी उकळूनच द्या. जुलाब-उलट्या झाल्या आणि ओआरएसचं पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

रात्री कुणालाही जमिनीवर झोपवू नका. खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात. अशा मुलाला पोट बिघडलंय म्हणून झोपवून ठेवू नका. सर्पदंशात आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा आणि निघायचं. विंचू चावला, दरदरून घाम आला, हातपाय गार पडले, तरी तेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कमी करून दाखवले, पण ते लवकर मिळावं लागतं. कांदा चोळण्यात वेळ घालवू नका.

मोठ्यांसाठी नियम

कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नसेल. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करून घ्या. लैंगिक अत्याचाराचा प्रकार कळला तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; ‘शिबिराचं नाव जाईल’ हे कारण चालत नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर मुलांच्याच खोलीत, त्यांच्या उंचीवर लावा.

शिबिर सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला असेल तर रानातून परतल्यावर रोज कानामागे, काखेत गोचीड तपासा. तिथे माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळले आहेत. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. आणि निरोपाच्या दिवशी पालकांना सांगून ठेवा: दोन आठवड्यांत ताप आला, तर मूल कोणत्या गावात होतं हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.