‘नेट चालत नाही’ म्हणजे नक्की काय चालत नाही?

डेस्कटॉप सपोर्टला लागलो तेव्हा माझ्याकडे सहा महिन्यांचा हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स, एक स्क्रूड्रायव्हर सेट आणि गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वास होता. राहायला कोल्हापुरात, कॉल मात्र कागल, गडहिंग्लज, जयसिंगपूर, कुठलेही. एसटीने जायचं, एसटीने यायचं.

पहिला एकट्याने घेतलेला कॉल एका पतसंस्थेच्या शाखेतला. सोमवार, काउंटरवर रांग, कॅशियर मॅडमच्या मशीनला नेट नाही. मी खुर्चीत बसलो आणि कोर्समध्ये शिकवलेलं सगळं एका दमात करून टाकलं. ड्रायव्हर काढून परत टाकला, अँटिव्हायरस बंद केला, शेवटी विंडोजमधलं ‘नेटवर्क रीसेट’ दाबलं. मशीन रीस्टार्ट झालं, नेट काही आलं नाही. वर नवीन दुखणं: त्या मशीनला हाताने भरलेला आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, होता, हेड ऑफिसचं सॉफ्टवेअर तोच आयपी ओळखायचं, आणि रीसेटमध्ये तो पुसला गेला. मी कुठे लिहून ठेवला होता? तासभर फोनाफोनी झाली. मूळ बिघाड सापडला तो शिपाई मामांना. टेबलाखाली वाकून म्हणाले, “साहेब, ही वायर जरा भाईर आल्यासारखी दिसतीय.” जॅकची प्लास्टिकची क्लिप तुटलेली, सकाळी झाडू लागला असणार. आत ढकलली, ‘टक’ असा आवाज येईना, पण दिवा लागला.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. काहीही बदलायच्या आधी कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल’ मारायचं, म्हणजे मशीनचे सगळे पत्ते दिसतात, आणि स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा. नंतर कितीही गोंधळ घातला तरी परतीची वाट राहते.

गिऱ्हाईक सांगतं ‘नेट चालत नाही’, पण या एका वाक्यात पाच-सहा वेगळ्या तक्रारी असतात. नवख्या पोराचं खरं काम दुरुस्तीचं नसतं. मशीनमधून निघालेला निरोप कुठपर्यंत पोचतोय आणि कुठे अडतोय, एवढं शोधायचं. जवळून लांब जायचं: केबल, मग पत्ता, मग राउटर, मग बाहेरचं जग, आणि सगळ्यात शेवटी नाव.

केबलसाठी आधी डोळे. मशीनच्या मागे पोर्टवर दिवा लागतो का? सगळ्या मशीनच्या केबल जिथे येऊन मिळतात त्या डब्यावर, म्हणजे नेटवर्कच्या स्विचवर, त्याच केबलच्या टोकाला लागतो का? दोन्हीकडे अंधार असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. बॅगेत हातभर लांबीची, खात्रीची पॅच कॉर्ड कायम ठेवा. संशयित केबलच्या जागी ती लावून बघितली की अर्धे वाद मिटतात. केबलमध्ये आठ तारा असतात, पण १०० एमबीपीएसला चारच पुरतात. उंदराने उरलेल्या चारांतली एखादी कुरतडली की नेट बंद पडत नाही, गिगाबिटवरून, म्हणजे १००० एमबीपीएसवरून, १०० वर येतं आणि तक्रार येते ‘स्लो झालंय’. पावसाळ्यात उंदीर पोटमाळ्यावर आले की असे कॉल हमखास.

मग पत्ता. आयपी १९२.१६८ ने सुरू झाला तर बहुतेक ठीक. १६९.२५४ दिसला तर थांबा. लॉजवर गेलात आणि काउंटरला मॅनेजरच नसेल, तर तुम्ही मिळेल त्या खोलीत पथारी पसराल. मशीन तेच करतं. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता घातलेला असतो. अशा वेळी ब्राउझर बदलून काही होत नाही. राउटर चालू आहे का, मधला स्विच जिवंत आहे का, हे बघायचं.

याच्या उलटा प्रकार जास्त छळतो: एका लॉजला दोन मॅनेजर. एका ऑफिसात निम्मी मशीन चालायची, निम्मी नाही. रीस्टार्ट केलं की चालणारी बंद आणि बंद असलेली चालू. भुताटकीच. दोन मशीनचे फोटो शेजारी ठेवले तेव्हा दिसलं की एकाचा गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.१. ऑफिसचा राउटर पहिला. मग दुसरा कोण? विचारलं तर कुणी बोलेना. केबलमागे केबल धरत गेलो तर फाइलींच्या कपाटावर, वर्तमानपत्राखाली, एका क्लार्कने मोबाइलच्या वायफायसाठी घरून आणलेला जुना राउटर. त्याने इमानेइतबारे स्वतःचे पत्ते वाटायला सुरुवात केली होती. क्लार्कचं नाव मी साहेबांना सांगितलं नाही. पुढच्या वेळी खरी माहिती त्याच्याकडूनच मिळणार असते.

पत्ता ठीक असेल तर पिंग, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघायचं. आधी गेटवेला, मग बाहेरच्या जगातल्या गूगलच्या ८.८.८.८ ला. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर घोळ बहुधा राउटरच्या पलीकडचा. दोन्ही उत्तर देतात पण साइट उघडत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्यावर. काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ आणि साइटचं नाव मारून पत्ता मिळतो का बघा. मात्र काही ठिकाणी फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याकडे, पिंग मुद्दाम अडवलेलं असतं. पिंग गेलं तर रस्ता आहे हे नक्की. गेलं नाही म्हणून रस्ता नाहीच असं म्हणता येत नाही.

पिंग, डीएनएस सगळं ठीक आणि तरी प्रत्येक साइट ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ म्हणते? खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. एका शाळेच्या लॅबमधल्या मशीनवर मी चांगला पाऊण तास घालवला. त्या मशीनच्या हिशेबाने आपण कित्येक वर्षं मागे होतो. साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मशीनची तारीख त्यात बसली नाही की ब्राउझर दार लावून घेतो. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला होता. आता बॅगेत दोन सेल असतात.

फायबरचं वेगळं. फायबरच्या डब्यावर लॉसचा, म्हणजे लाइनमधून सिग्नल येत नसल्याचा, दिवा लाल असेल तर खोलीत बसून करण्यासारखं फारसं काही नसतं. बारीक फायबर कॉर्ड कपाटाच्या दारात चेपली नाही ना, आवळून गुंडाळली नाही ना, हिरवा प्लग नीट बसलाय ना, एवढं बघा. टोकात डोळा घालून प्रकाश येतो का ते बघायचं नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. मग कंपनीला फोन. “नेट नाही” म्हणालात की पलीकडून “राउटर रीस्टार्ट करा” येणारच. “लॉस लाल आहे, पॉवर ठीक आहे, कॉर्ड तपासली” म्हणा, तक्रार लगेच पुढे सरकते. आणि लाइट गेल्यावर मशीन यूपीएसवर चालू पण नेट बंद, ही तक्रार आली तर फायबरचा डबा कुठल्या प्लगला आहे ते आधी बघा.

सिनियर साहेबांकडून शिकलेला एकच प्रश्न मी दारातच विचारतो: “काल-परवा इथं काय काय हललं?” नेट कधी बंद पडलं हे विचारलं तर लोक “कालपर्यंत चालत होतं ओ” म्हणतात आणि विषय संपतो. काय हललं विचारलं की टेबल सरकवलेलं आठवतं, नवीन प्रिंटर आठवतो, रंगारी आठवतो.

खंडेनवमीनंतरचा आमचा आठवडा तर धावपळीचाच. ऑफिसं साफ होतात, मशीनला हळदकुंकू लागतं, राउटरला झेंडूची माळ. असाच एक कॉल, त्याच पतसंस्थेचा. अख्खी शाखा बंद. स्विचसमोर उभा राहिलो तर सगळ्या पोर्टचे दिवे एका तालात, धडधडल्यासारखे लुकलुकत होते. एरवी प्रत्येक दिव्याची चाल वेगळी असते. मी एकेक केबल उपसत गेलो, आणि एक पिवळी कॉर्ड काढल्याबरोबर सगळे दिवे शांत झाले. त्या कॉर्डची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये होती. स्विच साधा होता, असा फेरा ओळखून तोडणारा नव्हता. एकदा शिरलेला निरोप आतल्या आत गोल फिरत वाढत गेला आणि बाकीच्यांना वाट उरली नाही. पुसताना एक टोक लोंबकळताना दिसलं म्हणून मामांनी रिकाम्या भोकात नीट बसवून दिलं होतं. त्यांची चूक काय? कुठली केबल कुठली, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

कॉल रिपोर्टमध्ये ‘नेट सुरू केले’ लिहून सही घ्यायचा मोह होतो. मी त्या दिवशी लिहिलं, ‘पोर्ट ७ आणि ११ मध्ये एकच कॉर्ड, काढली’, आणि थांबून प्रत्येक कॉर्डच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टीवर नंबर घालून चिकटवले. जेवण राहिलं, शेवटची एसटीही चुकली असती.

पुढच्या वर्षी अष्टमीला संध्याकाळी मामांचा फोन आला. “साहेब, उद्या पुसायचंय. सगळ्या वायरींचा फोटो काढून ठेवलाय, तुमाला व्हॉट्सॲपला टाकू का?” फोटो आला. अर्धा त्यांच्या बोटाने झाकलेला होता, पण नंबर वाचता येत होते.